इंगेगेर्डच्या चित्रातला ससा

१

पेटी उघडली आणि आतून टेबलक्लॉथ निघाला.

लाल दोऱ्याने भरलेला, नाताळच्या जेवणाला अंथरायचा, गावच्या सभागृहाचा ठेवणीतला टेबलक्लॉथ. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर नीट गुंडाळलेला आणि सुती फितीने तीन ठिकाणी बांधलेला. इंगेगेर्डचं चित्र मात्र पेटीत नव्हतं. ते न्यायला शहरातल्या संग्रहालयातून वालमार्क नावाचे गृहस्थ तीन तास गाडी हाकत आले होते. पांढरे हातमोजे घातलेले दोन्ही हात तसेच हवेत धरून ते पेटीसमोर उभे होते.

"हा इथला काही विनोद असेल, तर तो मला कळलेला नाही," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. दीसा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सभागृहाची देखभाल तिच्याकडे, किल्लीही तिच्याकडे, आणि दहा मिनिटांपूर्वी दार उघडलं तेही तिनेच. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तिच्या शेजारी बार्ब्रो उभी होती. बार्ब्रोने अडतीस वर्षं या गावात टपाल वाटलं होतं. कोणाच्या फाटकाची कडी कुठून उघडते आणि कोणाच्या घरी कुणाचं पत्र आलं की रडारड होते, हे तिला तोंडपाठ होतं. दोन वर्षांपूर्वी दीसाला किल्ली द्यायची की नाही यावर गावसभेत चांगलीच जुंपली होती. दीसाने विशीत शहरातल्या एका दुकानात चोरी केली होती आणि आठ महिने तुरुंगात काढले होते. तेव्हा बार्ब्रो उठून म्हणाली होती, "हमी माझी. काही झालं तर मला विचारा." आता खरोखरच तिला विचारण्याची वेळ आली होती.

"किल्ल्या किती आहेत?" वालमार्कनी विचारलं.

"दोन. एक माझ्याकडे आणि एक अध्यक्षांकडे, म्हणजे एवर्टकडे," दीसा म्हणाली. "आणि पुढचं तुम्ही विचारायच्या आत सांगते. हो, मी चोरी केलेली आहे. एकदाच. गावात सगळ्यांना माहीत आहे. तासाभरात कोणीतरी तुमच्या कानावर घातलंच असतं."

"अगं, तोंड बंद ठेव ना जरा," बार्ब्रो पुटपुटली.

वालमार्कनी हातमोजे काढले. "चार वाजता वृद्धाश्रमात थांबून इंगेगेर्डना चित्र शेवटचं दाखवायचं, असं ठरलं आहे. त्या वाट बघतायत. मी दोन वाजेपर्यंत थांबतो. मग पोलिसांना फोन करणार, आणि तुम्हाला त्यांच्या हवाली करण्याखेरीज माझ्याकडे इलाज उरणार नाही."

शेवटचं वाक्य ते दीसाकडे बघून बोलले. घड्याळात सव्वादहा वाजले होते.

२

बार्ब्रोने कॉफी टाकली. कॉफीशिवाय तिचं डोकं चालत नसे, आणि हे ती अभिमानाने सांगे.

भिंतीवर, लांब टेबलाच्या वर, चित्राची जागा रिकामी होती. वीस दिवस ते तिथे टांगलेलं होतं. चार हात लांब आणि हातभर उंच तागाचा पट, अगदी आजोबा-पणजोबांच्या काळी सणापुरते पेटाऱ्यातून काढून भिंतीला लावत, तसा. त्या जुन्या पटांवर तीन राजे घोड्यांवर बसून, गावच्याच टोप्या घालून बाळ येशूच्या दर्शनाला निघालेले असत. इंगेगेर्डने राजे काढून टाकले होते. तिच्या पटावर एक क्रौंच, एक सांबर आणि एक ससा निळ्या सरोवराच्या काठाने चालले होते. सांबराच्या शिंगाला तेवढी एक जुनी काळी टोपी अडकलेली. समोर वीज पडून जळालेलं पाइनचं झाड होतं आणि त्याच्या कोळशातून, जुने चितारी काढत तसलं, भोपळ्याएवढं फूल उमलत होतं. ससा सगळ्यांत मागे होता. तांबूस, उन्हाळी अंगाचा, मान वळवून बघणाऱ्याकडे बघत असलेला.

त्याचा अर्थ काय, यावर गावात तीन पंथ झाले होते. इंगेगेर्डला विचारलं की ती म्हणे, "जायचंय कुठेतरी त्यांना. मलाही नक्की माहीत नाही." बार्ब्रो मात्र त्यासमोर उभी राहिली की तिला हटकून झोपेत चालल्यासारखं वाटे. पापणी मिटून उघडावी तोवर तिघं एक पाऊल पुढे सरकलेत, अशी तिची खात्री होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या इंगेगेर्डचे हात शरद ऋतूपासून इतके थरथरू लागले होते की तिला चमचाही धरवत नसे. म्हणजे हे शेवटचं चित्र. दुसरं आता होणार नव्हतं.

"काल काय काय झालं ते सांग," बार्ब्रो दीसाला म्हणाली. "आणि रडायचं असेल तर आधी रडून घे, मध्येच नको."

"मी रडत नाहीये." दीसाने नाक पुसलं. "दुपारी बारा वाजता एवर्टने आणि मी चित्र उतरवलं, गुंडाळलं, पेटीत घातलं. पेटी रंगमंचामागच्या खोलीत ठेवली. दोनला पोरं आली."

काल तेरा जानेवारी, क्नूटचा दिवस. नाताळ त्या दिवशी घराबाहेर काढायचा. पोरांनी झाडाभोवती फेर धरून नाचायचं, झाडावरची बिस्किटं आणि गोळ्या लुटायच्या, आणि शेवटी झाडच उचलून दाराबाहेर फेकायचं. पाच वाजता सगळं आटोपलं आणि दार बंद झालं. दार बंद होताच बर्फ सुरू झाला तो पहाटेपर्यंत पडत होता. सकाळी अंगणात दीसाच्या आणि बार्ब्रोच्या बुटांचे ठसे होते आणि वालमार्कांच्या गाडीचे. बाकी सगळं कोरं होतं.

"म्हणजे चित्र बर्फाच्या आधी, दिवसाढवळ्या, साठ माणसांसमोरून बाहेर गेलं," बार्ब्रो म्हणाली. "मागच्या खोलीत कोण कोण गेलं होतं?"

"मी, खुर्च्या आणायला. लेनार्ट, कोट ठेवायला. आणि एवर्ट, झाड बांधायची दोरी आणायला."

बार्ब्रो त्या खोलीत गेली. तिथे शेगडी नव्हती, हाडं गोठवणारी थंडी होती. कोपऱ्यात बादली होती. तिच्यातलं पाणी गोठलेलं होतं आणि बर्फाच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता. त्यावर घराच्या भिंतींना लावतात तसल्या, खाणीतल्या लाल मातीच्या रंगाची एक रेघ फिरली होती.

"दीसा, काल फरशी पुसलीस?"

"नाही. फरशी आज पुसायची होती. ही बादली मी हातातसुद्धा घेतलेली नाही."

बार्ब्रोने वाकून त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग तिला कोणाची तरी आठवण झाली, आणि ती तिला मुळीच आवडली नाही.

३

लेनार्ट न बोलावताच आला. तो इंगेगेर्डचा भाचा, सरोवराकाठी तंबू-मुक्कामाची जागा चालवणारा. चित्र संग्रहालयाला फुकट देण्याला त्याचा पहिल्यापासून विरोध होता, आणि तो त्याने लपवलाही नव्हता.

"मला ठाऊक आहे, तू मलाच धरणार," तो बसता बसता नाताळचा, केशर घातलेला पाव उचलत म्हणाला. "मावशीचं चित्र विकलं असतं तर बरं झालं असतं असं मी म्हणालो. म्हणालो म्हणजे चोरलं का?"

"मी कुठे काय म्हटलं? पाव शिळा आहे, कॉफीत बुडव." बार्ब्रोने भिंतीवरचं मागच्या वर्षीचं मोठं कॅलेंडर काढून त्याच्या हातात दिलं. "आणि खाताखाता हे जरा गुंडाळून दे मला. माझी बोटं गारठलीयत."

लेनार्टने कॅलेंडर मांडीवर घेतलं आणि झटक्यात गुंडाळलं. चित्र आत, पांढरी बाजू बाहेर.

"असं का गुंडाळलंस?"

"मग कसं गुंडाळतात? चित्र मळायला नको म्हणून आतच घालतात की. तुझी तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे. दुसरा पाव घे."

तो गेल्यावर तिने दीसाला पेटीपाशी नेलं. टेबलक्लॉथची भरतकामाची बाजू बाहेर होती.

"जगातला कोणीही माणूस चांगलं कापड गुंडाळताना नक्षी आत घालतो," बार्ब्रो म्हणाली. "इंगेगेर्ड मात्र रंग बाहेर ठेवते. रंग आत दबला की चुरतो, भेगा पडतात. ज्याने हा टेबलक्लॉथ गुंडाळला त्याच्या हातांना ती सवय नुकतीच लागली होती. घाईत, घाबरून, नुसती जागा भरायला गुंडाळला, तरी हात तसेच वळले. फितीसुद्धा तीन. तिने हे कोणाला शिकवलं?"

दीसाचा आवाज खाली गेला. "परवा आम्हाला आश्रमात बोलावून टॉवेल गुंडाळून दाखवला. एवर्टला आणि मला. दोघांनाच."

"हं. म्हणजे लेनार्ट सुटला."

"आणि मी आणखी अडकले."

"तसं दिसतंय खरं," बार्ब्रो म्हणाली आणि टोपी कानांवर ओढून बाहेर पडली. बारा वाजत आले होते.

४

एवर्टचं शेत चर्चच्या पलीकडे, अर्ध्या तासाच्या चालीवर. बार्ब्रो पायाने ढकलायच्या घसरगाडीवर उभी राहून निघाली. जानेवारीत तिथे दुपारीसुद्धा सूर्य टेकडीच्या वर येत नाही, नुसता आभाळाचा कडा गुलाबी होतो आणि बाकी सगळं निळं. आवाजही निळा झाल्यासारखा. घसरगाडीच्या पोलादी पट्ट्या सरसर वाजत होत्या आणि बार्ब्रोला वाटलं, आपण इंगेगेर्डच्या पटावरच चालतोय. पुढे कुठेतरी ते जळकं झाड लागेल.

वळणावर तिने गाडी थांबवली. कुंपणापाशी बर्फ तिच्याकडे बघत होता. एक काळा डोळा आणि वर दोन काळी टोकं, एवढंच दिसत होतं. मग ती टोकं हलली, बर्फाचा एक तुकडा उडी मारून कुंपणापलीकडे गेला, आणि तेव्हा कुठे तिला कळलं की तो ससा होता.

"आलास का तूही शोधायला," ती त्याला म्हणाली. तिला आपलंच हसू आलं.

एवर्ट गोठ्यात होता. ऐंशीचा, ताठ, दाढी केलेला. कामाच्या कपड्यांवरही गळपट्टा नीट बांधणारा माणूस. त्याच्या घरात धुळीचा कण सापडणार नाही. त्याच्या आईच्या काळापासून तसंच होतं. क्नूटच्या दिवशी ती नाताळची सगळी काजळी ओल्या फडक्याने पुसून काढी. भिंती, कपाटं, वर टांगलेलं सगळं. टपाल द्यायला गेलं की बार्ब्रोला ती आधी बूट काढायला लावी आणि मगच पत्र घेई.

मेंढ्या कोकलत होत्या. कोपऱ्यात कालचं नाताळचं झाड आडवं पडलं होतं, वरपासून खालपर्यंत दोरीने करकचून बांधलेलं.

"दीसाचं कळलं," एवर्ट म्हणाला. बार्ब्रोकडे त्याने बघितलं नाही. "वाईट झालं."

"दरवर्षी झाड सभागृहामागे जाळतात. यंदा तू मागून घेतलंस म्हणे."

"मेंढ्यांना आवडतं. हिरवं काही मिळत नाही ना त्यांना थंडीत."

"आवडतं हे दिसतंयच. बघ कशा जीव काढतायत." ती एका उलट्या बादलीवर बसली. "मग काल संध्याकाळपासून दोरी का सोडली नाहीस?"

एवर्टने गळपट्ट्याची गाठ घट्ट केली. एका मेंढीने फळीतून तोंड काढून झाडाची एक काडी ओढली.

"मी सांगते, आणि चुकलं तर थांबव," बार्ब्रो म्हणाली. "बादलीत खडूचा पांढरा गाळ आहे आणि लाल मातीचा रंग. कोणीतरी ते चित्र ओल्या फडक्याने पुसलं. चोर कशाला पुसेल? आणि दीसा तर मुळीच पुसणार नाही. दोन हिवाळे तिने इंगेगेर्डला खडू आणि सरस कालवून दिलाय. सरसातला रंग पाण्याचा थेंबही सोसत नाही, हे तिला झोपेतही ठाऊक आहे. म्हणजे हे अशा माणसाने केलं, ज्याला गुंडाळायचं कसं ते शिकवलं होतं, पण पाण्याचं सांगितलं नव्हतं. इंगेगेर्डला वाटलं असेल, हे काय सांगायचं! आणि त्या माणसाच्या आईने त्याला शिकवलं होतं की क्नूटला काजळी पुसायची असते."

एवर्टने खिशातून चाकू काढला. बार्ब्रो बादलीवरून अर्धवट उठली. मग तो झाडापाशी गुडघ्यांवर बसला आणि दोरी कापू लागला.

फांद्या एकेक करत उघडल्या. गोठाभर राळेचा वास पसरला. खोडाला चिकटून, जुन्या चादरीत लपेटलेली गुंडाळी होती.

"वीस दिवस मेणबत्त्यांच्या वर होतं," एवर्ट म्हणाला. "खालच्या कडेला काजळी धरली होती. मी म्हटलं, शहरात असं मळकं जायला नको. लोक म्हणतील, या गावाला सांभाळता येत नाही. पोरं यायच्या आत परत उघडलं आणि नुसतं एकदा फडकं फिरवलं बघ. एकदाच. आणि ससा गेला. माझ्या हातातल्या फडक्यात आला गं तो सगळा."

"आणि झाड बांधताना?"

"सगळे पोरांच्या खाऊच्या पिशव्यांकडे बघत होते. फांद्यांमध्ये घातलं आणि दोरी आवळली. चौघांनी उचललं, गाणं म्हणत." त्याचा ताठ कणा वाकला होता. "वाटलं, चोरीला गेलं असं कळलं तर ती चोरावर रागावेल. पुसलं गेलं असं कळलं तर... तिला आता दुसरं काढता येणार नाही, बार्ब्रो. जाळून टाकायचं मनात आलं, पण हात उठला नाही."

"आणि दीसा? तिच्या मानेवर सुरी ठेवताना तुझा हात कसा उठला रे?"

"तिचा विचारच..."

"हो ना. तिचा विचारच केला नाहीस. हेच तर करतात सगळे तिच्या बाबतीत." बार्ब्रोला इतका राग आला होता की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोट घाल. आधी सभागृहात चल. वालमार्कसमोर आणि दीसासमोर हे सगळं जसंच्या तसं बोलायचं. एक शब्द गाळायचा नाही."

पावणेदोन वाजता एवर्ट सभागृहात टोपी हातात घेऊन बोलला. लेनार्टही होता, गावच्या दुकानातल्या दोघी-तिघीही होत्या. दीसाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तू पोलिसांना मला नेऊ दिलं असतंस?"

"माहीत नाही," एवर्ट म्हणाला. ते खरं होतं, आणि सगळ्यांना ऐकायला जड गेलं.

५

आश्रमातल्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. खिडकीबाहेर सरोवर निळसर काळं होत चाललं होतं आणि इंगेगेर्ड खुर्चीत बसून त्याकडे बघत होती, थरथरणारे हात शालीखाली झाकून.

"आलात? लवकर आलात. आणि इतके जण! मी मेले-बिले का काय?"

कोणाला हसावं की नाही ते कळेना. एवर्टने तिच्यासमोर गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं. वालमार्कनी आणि दीसाने पलंगावर पट उलगडला. क्रौंच, सांबर, टोपी, झाड, फूल, सगळं जागच्या जागी होतं. मागे, जिथे ससा होता, तिथे खडूचा पांढरा डाग होता. हातभर कोरी जागा.

इंगेगेर्डने खुर्ची जवळ ओढायला लावली. नाक कापडाला लागेल इतकं वाकून तिने पाहिलं. वालमार्क घसा साफ करून म्हणाले, "आमचे तज्ज्ञ आहेत. फोटोवरून ससा पुन्हा..."

"श्शू," इंगेगेर्ड म्हणाली.

बार्ब्रो त्या पांढऱ्या जागेकडे बघत होती. कुंपणापाशी बर्फ तिच्याकडे बघत होता, ते तिला आठवलं. तिने तोंड उघडलं, पण म्हातारी आधी बोलली.

"एवर्ट, जानेवारीत तू कधी तांबडा ससा पाहिलायस?"

"अं? नाही. थंडीत तो पांढरा होतो."

"मग? उन्हाळ्यात काढला मी त्याला. वाट लांबची आहे, वाटेत हिवाळा लागला." ती हळूच हसली. मग हसू थांबलं. "मूर्ख आहेस तू. मला येऊन सांगायचंस. तीस सेकंदांत सांगून झालं असतं आणि ही पोर दिवसभर जळली नसती."

"हो," एवर्ट म्हणाला.

"काजळीचं फडकं कुठाय? फेकलं नाहीस ना? तुझ्या घरात फडकी फेकत नाहीत, मला माहीत आहे."

त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतलं फडकं काढलं. एका कोपऱ्यात तांबूस डाग, दुसऱ्या कोपऱ्यात मेणबत्त्यांची काळी काजळी. वालमार्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बाई, तुमच्या परवानगीने सांगतो, संग्रहालयाच्या वस्तूला..."

"अजून माझ्या पलंगावर आहे ती. तुमच्या गाडीत गेली की तुमची." तिने शालीखालून हात काढले. ते इतके हलत होते की सगळ्यांनी नजर वळवली. तिने मात्र ते सरळ उचलून सर्वांना दाखवले. "यांचा आता उपयोग नाही. दीसा, सरस आहे?"

"तुझ्या कपाटात आहे. गरम करावा लागेल."

"कर. आणि बारीक कुंचला घे. ससा मान वळवून बघत होता ना, तो डोळा तेवढा हवा. आणि कानांची टोकं. बाकी तो आहेच तिथे."

"मी?" दीसाचा आवाज चिरका झाला. "अगं, मी नाही. लोक काय म्हणतील? माझ्या हातून काही झालं तर..."

"दोन वर्षं माझे रंग कालवलेस. लोक म्हणतील, दीसाने काढला. म्हणू देत की."

बशीत फडक्यावरची काजळी आणि सरस कालवून एक झाले. दीसा पलंगापाशी ओणवली. तिने कुंचल्याचं टोक बशीच्या कडेवर टेकवून बारीक केलं. एवर्टने न विचारता तागाची कड दोन्ही हातांनी ताणून धरली. बार्ब्रोने खिडकीपाशी जाऊन पडदा पुरता बाजूला सारला, राहिलेला उजेड आत यावा म्हणून.

दीसाने दोन काळी टोकं काढली. मग ती थांबली, कुंचला पुसला, पुन्हा बुडवला आणि एक ठिपका ठेवला.

पांढऱ्यातून कोणीतरी त्यांच्याकडे बघू लागलं.

वालमार्कनी वाकून तो ठिपका पाहिला. मग त्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं, चित्राच्या नावाखाली इंगेगेर्डचं नाव लिहिलं आणि पेन तसंच धरून मागे वळून विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय?"

दीसाने दचकून बार्ब्रोकडे पाहिलं. आज सकाळपासून हा प्रश्न पोलीस विचारणार, हे धरूनच ती चालली होती.

"सांग की," बार्ब्रो म्हणाली. "चित्राखाली लिहायचंय त्यांना."